जुनी सायकल : दुरुस्ती की सोडचिठ्ठी?

चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली, त्याच्या घरी बहुधा जुनी सायकल असावी. आमच्या सारोळ्यात, नीरेच्या अलीकडे, सध्या ती मला दिवसातून दोनदा ऐकविली जाते. ऐकविणारे माणूस कोण, हे विवाहित वाचकांस सांगावयास नकोच.

सायकल ॲटलसची, काळी, अठ्ठावीस इंची चाकांची. १९७४ साली पुण्यात घेतली आणि कात्रजचा घाट निम्मा चढून, निम्मा ढकलून घरी आणली. यंदा पाऊस उघडताच पायडल मारले की साखळी घसरू लागली, मागल्या चाकाला आउट आला. पुलापलीकडे शिरवळला एका कारागिराने तपासून खर्च सांगितला, २,८०० रुपये. नवी साधी सायकल साडेसहा हजारांस पडते. झाले, कोंबडी आणि मसाला सुरू!

माझे म्हणणे असे की, आकड्यांआधी सांगाडा पाहावा. मी एक सुतळी घेतली. मागल्या चाकाचा आस जिथे बसतो तेथून ती पुढल्या हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूस तशीच आणून ताणली, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजले. दोन्हीकडे सारखे भरले. याचा अर्थ सांगाडा वाकलेला नाही. मग नळ्यांचे सांधे आणि पायडलच्या आसाचा डबा चिंधीने पुसून तडा शोधला. तो नव्हता. तडा असता तर ही सायकल मी स्वतः भंगारवाल्याच्या काट्यावर चढविली असती.

साखळीचीही परीक्षा सोपी आहे. तिच्या चोवीस कड्या नव्यात बरोबर बारा इंच भरतात. माझ्या बारा इंचांवर अष्टमांशाहून अधिक गेल्या, म्हणजे साखळी संपली. मात्र एकटी साखळी बदलून भागत नाही. झिजलेल्या फ्रीव्हीलवर नवी साखळी घसरतेच, दोन्ही बरोबर बदलावी लागतात.

“पण तुमची कंपनीच बंद पडली ना?” असे शेजारी विचारतात. सोनिपतला १९५१ साली सुरू झालेल्या ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्यातले काम ३ जून २०२० रोजी थांबले, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन! परंतु या घाटाच्या काळ्या सायकलींचे टायर, छरे, कॉटर, साखळ्या एकमेकींना चालतात. लुधियानाचा माल सायकलच्या कोणत्याही दुकानात मिळतो. सुटे भाग मिळतात. ते नीट बसविणारा हात मात्र दिवसेंदिवस दुर्मिळ होतो आहे.

इथवर खटला मी जिंकलाच होता. तोच नातीने सांगितले, “आबा, कॉलेजला जायला मला तुमचीच सायकल हवी.”

आता कॉलेज शिरवळला, मध्ये नीरेचा पूल, आणि पुणे-सातारा रस्त्यावरची मालमोटारींची रांग. माझ्या सायकलचे ब्रेक सळईचे. त्यांचे रबर पोलादी रिमला आतून दाबते. कोरड्यात ते ठीक चालते, पण ओल्या पोलादावर रबर धरत नाही. सायकल आणखी कित्येक हात पुढे जाते. मी हे जाणून लांबूनच ब्रेक दाबतो. सतरा वर्षांच्या मुलीने मालमोटारीमागे हा हिशेब करीत बसावे काय?

“आणि म्हणे सांगाडा सरळ आहे!” इति आमचे गृहखाते. त्या दिवशी प्रथमच मी त्या खात्याच्या बाजूने मत दिले.

नातीसाठी ॲल्युमिनियमच्या रिमची, बाजूने पकडणाऱ्या ब्रेकची नवी सायकल ठरली. पोरगी दोन दिवस फुरंगटून होती. खर्च वाढला, तेव्हा माझ्या यादीला कात्री लागली. सीट, मडगार्ड, कॅरिअर रद्द. साखळी, फ्रीव्हील, मागला आउट आणि छरे, एवढेच करावयाचे.

कारागिराने यादी पाहिली. “काका, रंग?”

“राहू दे,” मी म्हणालो. “आणि पुलावर मी उतरून चालत जाईन, हे घरी कोणी विचारले तर जरूर सांग.”