वायर आली, क्लॅम्प कुठे गेला?

आपल्या गावात चालताना एकदा मान वर करून बघा. लाईटच्या प्रत्येक खांबाला काळ्या वायरींची भेंडोळी लटकलेली दिसतील. चालू कुठली, मेलेली कुठली, कुणाची, काही पत्ता नाही. उसाची ट्रॉली गेली की दोन तुटतात. गणपतीच्या मिरवणुकीत तर एक पोरगा बांबू घेऊन वायरी उचलायलाच ठेवावा लागतो. आणि आपण म्हणतो, चालायचंच!

का चालायचं?

खांबावरून फायबर नेण्याला माझा विरोध नाही. खोदाईपेक्षा ते स्वस्त पडतं, लवकर होतं. भारतनेटच्या २०१७ मध्ये मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यात सरकारनेच विजेच्या खांबांवरून केबल न्यायची मुभा दिली. प्रश्न ती टांगायची कशी, हा आहे.

त्याचं सामान ठरलेलं असतं. लाइन जिथे संपते किंवा वळते तिथे ताण धरणारा टेन्शन क्लॅम्प. मधल्या सरळ खांबांवर केबल नुसती पेलणारा सस्पेन्शन क्लॅम्प. खांबाला पट्टीने आवळलेला ब्रॅकेट. उरलेली केबल गुंडाळायला चौकट. जोडावर पाणी न शिरणारा डबा.

आपल्याकडे या सगळ्याच्या जागी एकच वस्तू: बाइंडिंग वायर. करकचून आवळली की काम संपलं! आतला तंतू काचेचा, केसाएवढा बारीक. तो दाबला, दुमडला की प्रकाश वाटेतच गळतो, आणि आपण घरी राउटर बंद-चालू करत बसतो.

'फायबरमध्ये करंट नसतो' हेही अर्धसत्य आहे. काचेत नसतो. पण घरापर्यंत येणाऱ्या बारीक केबलला बऱ्याचदा आधाराची पोलादी तार असते. ती तुटून विजेच्या तारेवर पडली तर?

मी विचारायला गेलो. कंपनीवाले म्हणाले, कंत्राटदाराला विचारा. कंत्राटदार म्हणाला, मला पैसे मीटरवर मिळतात, क्लॅम्पचे कोण देतो? वीजवाल्यांनी नगरपालिकेकडे बोट दाखवलं, नगरपालिकेने खांबाकडे.

पैसा नाही म्हणावं, तर ऑगस्ट २०२३ मध्ये सुधारित भारतनेटला १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. नियम नाहीत म्हणावं, तर नवे राइट ऑफ वे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. त्यात मुदतीत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असं धरायची सोय आहे. परवानगीला घड्याळ लावलंत, छान केलंत. मग केबल नीट टांगली का, हे खांबाखाली उभं राहून बघणार कोण?

मागण्या तीनच आहेत. प्रत्येक केबलवर मालकाच्या नावाची पट्टी हवी. मेलेली वायर उतरवल्याशिवाय नवी टाकू देऊ नका. आणि बिल नुसत्या किलोमीटरवर काढू नका, खांबागणिक फिटिंग मोजून, फोटो लावून काढा.

तोवर फोटो आपण काढू. तुमच्या गल्लीतला खांब कमेंटमध्ये टाका, वॉर्ड नंबरसकट. आणि नगरसेवकाला टॅग करायला विसरू नका.