जामीन मिळाला, पैशांचे काय?

डोंबिवलीतील एखाद्या निवृत्त गृहस्थाने घरातील जुने कपाट विकण्यासाठी संकेतस्थळावर जाहिरात द्यावी, ‘लष्करात आहे, बदली झाली आहे’ असे सांगणाऱ्या ग्राहकाचा लगेच दूरध्वनी यावा, पैसे पाठवण्याच्या निमित्ताने त्याने क्यूआर कोड धाडावा आणि पिन टाकताच खात्यात होते नव्हते तेही नाहीसे व्हावे! ठाणे-कल्याण परिसरातील मध्यमवर्गीय वस्त्यांना ही कथा आता नवी नाही. सैनिकाविषयी समाजाला वाटणारा आदरच भामट्यांनी भांडवल म्हणून वापरला आहे.

पुढचा घाव अधिक जिव्हारी लागतो. महत्प्रयासाने पकडलेला आरोपी काही आठवड्यांत जामिनावर सुटतो आणि ‘न्यायालयाने चोराला सोडले’ ही भावना घराघरांत रुजते. हा संताप स्वाभाविक आहे. मात्र त्याचा रोख चुकतो आहे.

जामीन म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे. जामीन हा नियम आणि तुरुंग हा अपवाद, हे तत्त्व न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७७ मध्येच मांडले. आणीबाणीत खटल्याविना कारावास भोगलेल्यांना त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. फसवणुकीच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ नुसार जास्तीत जास्त सात वर्षांची शिक्षा आहे. अशा गुन्ह्यांत सरसकट अटक नको, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले. अटकेनंतर ६० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्कच ठरतो. जामिनाची प्रक्रिया पैसे वसूल करण्यासाठी नाही, हेही याच न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

खरा प्रश्न जामिनानंतर काय होते, हा आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. करअधिकारी असल्याची बतावणी करून अमेरिकी नागरिकांना लुबाडणारे सुमारे ७० जण गजाआड झाले. पुढे त्यांतील अनेक जण जामिनावर सुटले. याच धर्तीच्या, अहमदाबादेतील कॉल सेंटरांशी जोडलेल्या दुसऱ्या टोळीतील २१ जणांना अमेरिकी न्यायालयाने २०१८ मध्ये शिक्षा ठोठावल्या. त्यांतील सर्वाधिक २० वर्षांची होती. गुन्हेगाराला धाक वाटतो तो वेळेत होणाऱ्या शिक्षेचा. निकाल वर्षानुवर्षे लांबला, तर जामीनच अंतिम निकाल भासू लागतो आणि कायद्यावरील श्रद्धा ढासळते.

म्हणूनच मागणी करायची ती जामीन रोखण्याची नव्हे, तपास गतिमान करण्याची. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार या गुन्ह्यांचा तपास निरीक्षक वा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. बँकांचा तपशील परराज्यांतून मागवायचा, भाड्याने घेतलेल्या खात्यांचा माग काढायचा, तर पुरेसे प्रशिक्षित मनुष्यबळ हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ ने गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता जप्त करून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ६० दिवसांत पीडितांना वाटण्याची तरतूद केली आहे. या कलमाचा वापर पोलीस किती अर्जांत करतात, हे लोकप्रतिनिधींनी विचारायला हवे.

समाजाचेही कर्तव्य आहेच. फसवणूक लक्षात येताच १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवली, तर पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता येतात. संकोचापोटी गमावलेला प्रत्येक तास भामट्याच्या पथ्यावर पडतो. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, एवढी एक गोष्ट कार्यकर्त्यांनी आपल्या सोसायटीतील प्रत्येक ज्येष्ठाच्या मनावर ठसवली, तरी अनेक घरांची पुंजी वाचेल. आरोपीला जामीन मिळणे हा न्यायाचा पराभव नव्हे. फसवल्या गेलेल्या माणसाने हताश होऊन तक्रारीचा पाठपुरावाच सोडून देणे, हा मात्र निश्चितच पराभव आहे.