खेळ पैठणीचा झाला, आता एकदा खेळ बाजाराचा होऊ दे!

परवा रात्री जेवणं झाल्यावर पोरीनं टीव्हीवर एक अमेरिकन कार्यक्रम लावला. 'सुपरमार्केट स्वीप' त्याचं नाव. 1965 ला तिकडं एबीसी वाहिनीवर सुरू झाला, मध्ये बंद पडला, परत आला, 2020 ला आणि एकदा नव्यानं आला. खेळ सोपा. आधी खाण्यापिण्याच्या वस्तूंवर, ब्रँडवर, किमतीवर प्रश्न. उत्तर बरोबर आलं की सेकंद वाढतात. मग ट्रॉली घेऊन दुकानात पळायचं आणि मिळालेल्या वेळात दिसेल ते महागडं सामान भरायचं. ज्याचं बिल सगळ्यात मोठं, तो जिंकला!

आई शेजारीच बसली होती. म्हणाली, "जास्त बिल करणारा जिंकला? मग आम्ही जन्मभर हरलोच की रं."

सगळे हसलो. पण ते वाक्य काही डोक्यातनं जाईना.

आईचा खेळ बरोबर उलटा होता. महिन्याची यादी घेऊन लक्ष्मीपुरीत जायचं, चार दुकानांत भाव विचारायचा, तांदूळ तळहातावर घेऊन बघायचा. भाजीला कपिलतीर्थ मार्केट. "आक्का, काल ईसला दिलीस की पेंढी" म्हणायचं आणि दोन पावलं पुढं जायचं. मागनं हाक येणारच! गूळ घेताना अति पिवळाधमक खडा दिसला की ती बाजूला ठेवायची, रंग उजळायला काय घातलं असेल कुणाला ठाऊक म्हणून. शाळा सातवीपर्यंत, पण या परीक्षेत कधी नापास झाली नाही. कमी बिलात चांगला माल, हाच तिचा विजय.

आता आपण काय करतोय बघा. आपल्या जिल्ह्याला सुपरमार्केट नवीन नाही. जनता बझार, शेतकरी बझार, वारणा बझार हे सगळं सहकारातनं उभं राहिलं. गिऱ्हाइकाला रास्त भावात माल मिळावा, हा त्यामागचा विचार. आता मॉलमध्ये खेळ बदललाय. मागच्या महिन्यात मी स्वतः फसलो. बिल 1200 झालं होतं. 1500 केलं तर एक किलो साखर नऊ रुपयांत. झालं! साखरेवर तीस-पस्तीस रुपये वाचवायला तीनशेचं नको ते सामान उचललं. त्यातला एक सॉस अजून फ्रिजमध्ये तसाच आहे. म्हणजे मी तोच अमेरिकन खेळ खेळलो, फक्त बक्षीस दुकानदाराला मिळालं.

दुसरी गंमत पाकिटांची. पूर्वी बऱ्याच वस्तूंना ठरावीक वजनाच्या पाकिटांचं बंधन होतं. 2021 च्या नियमबदलानं ते गेलं. त्याऐवजी ग्रॅमला किंवा किलोला किती पडतं, हे पाकिटावर छापायचं ठरलं. किती जण वाचतो? चहाची दोन पाकिटं धरा. एक 180 ग्रॅमचं 95 रुपयांना, दुसरं 200 ग्रॅमचं 100 ला. हात 95 कडं जातो. हिशोब केला तर पहिलं किलोला जवळजवळ 528 रुपये पडतं, दुसरं 500. स्वस्त कुठलं?

कोल्हापुरी गुळाला 2014 ला भौगोलिक मानांकन मिळालं. आपण छाती फुगवली. पण 'कोल्हापुरी' लिहिलेलं पाकीट उलटं करून तो गूळ कुठं तयार झालाय, हे आपणच वाचत नाही. मग आपल्या गुऱ्हाळवाल्यानं कुणाच्या जिवावर चांगला गूळ करायचा?

म्हणून एक सूचना. 'होम मिनिस्टर' 2004 ला टीव्हीवर आलं आणि गल्लोगल्ली 'खेळ पैठणीचा' सुरू झाला. निवडणूक जवळ आली की इच्छुकांना वहिनींची आठवण येते. फुगे फोडा, उखाणे घ्या, पैठणी न्या. माझा त्याला विरोध नाही, बायकांना चार घटका हसायला मिळतं. पण एखाद्या तरुण मंडळानं 'खेळ बाजाराचा' घेऊन बघावा. प्रत्येकाला पाचशे रुपये, सारखी यादी, एक तास. आधी प्रश्न: एक्स्पायरी कुठं बघायची, काट्यात खोट वाटली तर तक्रार कुणाकडं करायची? (वैधमापनशास्त्र विभागाकडं, नाहीतर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर.) मग खरेदी. माल चांगला आणि बिल कमी, तो जिंकला.

आणि हो, स्पर्धक फक्त वहिनी नकोत. दादा, भाऊजी आणि कॉलेजची पोरंपोरीही पाहिजेत. शाळांच्या आनंदी बाजारात मुलं विकायला शिकतात, आता घ्यायलाही शिकू देत.

परीक्षक म्हणून आमची आई तयार आहे. मानधन नको, फक्त गूळ तिच्या पसंतीचा पाहिजे!

कुठलं मंडळ पुढं येतंय, कमेंटमध्ये सांगा.