वाळत घातलेला ज्युदो

जपानमध्ये कंबर बेंबीच्या रेषेवर मोजतात. पट्टा पोटाखाली सरकवून आपण वर्षानुवर्षं ‘माझा साईझ तोच आहे’ म्हणत असतो, ते त्या टेपपुढे टिकत नाही. २००८पासून इथे ४० ते ७४ वयाच्या लोकांची आरोग्य विम्यातर्फे ही तपासणी होते. मर्यादा पुरुषांना ८५ सेंटिमीटर, बायकांना ९०. (बाकीच्या जगात बायकांचा आकडा कमी असतो, इथे जास्त. या पाच सेंटिमीटरवर आमच्या घरी एक अख्खं जेवण गार झालं.) कंबर पुढे गेली आणि साखरेनं किंवा रक्तदाबानंही साथ दिली, की सल्ल्यासाठी बोलावणं येतं. मलाही आलं. समोरच्या बाई इतक्या अदबीनं वाकून बोलल्या, की त्यांनी मला जाड म्हटलंय हे घराजवळच्या स्टेशनवर उतरल्यावर लक्षात आलं.

त्यांनी चालायला सांगितलं होतं. मी ज्युदोला गेलो. जिममध्ये आरशासमोर धावणं मला मानवत नाही, आणि वॉर्डाच्या क्रीडासंकुलातला ज्युदोचा वर्ग स्वस्त होता.

जिगोरो कानो या अंगानं किरकोळ, लहानपणी दांडगटांचा मार खाल्लेल्या माणसानं १८८२मध्ये टोकियोतल्या एइशोजी या देवळात १२ तातामी चटयांच्या जागेत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तिथून हा सगळा पसारा. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ज्युदो आला. माहिती संपली.

आता तक्रारी. नवख्याला ज्युदोत आधी पडायला शिकवतात. त्याला उकेमी म्हणतात. मागे पडायचं, हातानं चटई सडकून आपटायची, हनुवटी छातीशी धरायची, म्हणजे डोकं आपटत नाही. त्यासाठी सेन्सेई, म्हणजे गुरुजी, सांगतात, पडताना पट्ट्याच्या गाठीकडे बघा. माझी गाठ मला दिसत नाही. मध्ये पोट येतं. शेजारी तिसरी-चौथीतली पोरं सांडलेल्या वाटाण्यांसारखी घरंगळत असतात, आणि त्यातली एक चिमुरडी दर वेळी थांबून मला ‘लागलं का?’ विचारते. पैसे भरून पडायचं, वर सहानुभूतीही घ्यायची.

पण पडण्याची सवय होते. सवय होत नाही ती ज्युदोगीची, म्हणजे त्या पांढऱ्या पोशाखाची. जाडजूड दुहेरी विणीचं सुती कापड. कोणी धरून ओढलं तरी फाटू नये म्हणून तसं केलेलं. घामानं भिजला की त्याचं वजन मला पेलत नाही, धुतला की दोरीला पेलत नाही. आणि सध्या त्सुयू चालू आहे, म्हणजे इथला पावसाळा. आपल्याकडे चार तास कोसळून मोकळं होणारा पाऊस असतो. हा नुसता रेंगाळतो, पाहुण्यांनी ‘निघतो’ म्हणत दारात उभं राहावं तसा. इथे हवामानाच्या बातम्यांत ‘कपडे वाळण्याचा निर्देशांक’ सांगतात. मी हल्ली भूकंपाच्या बातमीपेक्षा तो जास्त लक्ष देऊन ऐकतो. घरात वाळवायच्या कपड्यांसाठी वेगळा साबण मिळतो, तोही आणला. कॉइन लाँड्रीच्या गरम ड्रायरमध्ये घालावा, तर सुती कापड आटतं. आटलेला ज्युदोगी मला कुठे पुरणार? तेव्हा तो न्हाणीघरात लटकतो, आणि रात्री दिवा लावला की आमच्या सौ. दचकतात.

अशा वेळी आपल्या तालमींचं मोठेपण कळतं. कोल्हापूरच्या पैलवानाला हा प्रश्नच नाही. लंगोट पिळला, दांडीवर टाकला, विषय संपला. खाशाबा जाधवांनी १९५२ला हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणलं. त्याच गटातलं सुवर्णपदक नेणारा जपानचा शोहाची इशी हा मूळचा ज्युदोवाला. युद्धानंतर अमेरिकी अंमलात ज्युदोवर बंदी आली, म्हणून कुस्तीकडे वळला. खाशाबा त्याच्याकडून हरले याचं मला शाळेपासून वाईट वाटायचं. आता त्या इशीबद्दल थोडा जिव्हाळाही वाटतो. बंदीमुळे त्याचं काय काय गेलं असेल ते असो, धुणं तर नक्की हलकं झालं.

वर्गात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा येतात, काळ्या पट्ट्याचे. मला ते रोज हसतमुखानं खांद्यावरून फेकतात. परवा त्यांच्याकडे हे रडगाणं गायलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, दोन ज्युदोगी ठेवायचे, एक वाळेपर्यंत दुसरा घालायचा.

घेतला दुसरा. आता घरात दोन ओले ज्युदोगी आहेत.