गाडीचे हादरे आणि उतारवयातील पाठ

संगमेश्वर परिसरातील ज्येष्ठांना मोठ्या तपासणीसाठी रत्नागिरी किंवा चिपळूण गाठावे लागते, आणि कधी साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे चाललेले, त्यात पावसाळ्यातील खड्डे. अशा प्रवासाहून परतल्यावर पाठ धरली, की दोष रस्त्याला आणि वयाला दिला जातो. तिसरे कारण मात्र अनेकदा अंगणातच उभे असते: गाडीचे झिजलेले सस्पेन्शन.

मणक्यांच्या मधल्या चकत्या हादरे शोषतात. वयानुसार त्यांतील पाण्याचा अंश घटतो. हाडे विरळ झाली असतील, तर एखादा जोरदार आदळाही मणका दबण्यास पुरेसा ठरू शकतो. पाळी गेलेल्या स्त्रिया आणि दम्यासारख्या विकारासाठी दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेले रुग्ण यांना हा धोका अधिक. त्यांच्या बाबतीत गाडीची दुरुस्ती हा आरोग्याचाच भाग समजावा.

सस्पेन्शनचे काम थोडक्यात असे. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि पुन्हा उसळते. ही उसळी आवरण्याचे काम शॉक ॲब्सॉर्बर करतो. त्याच्या नळकांड्यातील दट्ट्या तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून जाते आणि हालचालीची शक्ती उष्णतेत बदलून विरते. तेल गळले किंवा आतील झडपा झिजल्या, की स्प्रिंग मोकाट सुटते. सांध्यांतील रबरी बुश झिजले, तर आवाज येऊ लागतो.

घरच्यांनी पुढील लक्षणांकडे लक्ष द्यावे.

१. गतिरोधक ओलांडल्यावर गाडी लगेच स्थिरावत नाही, दोन-तीन वेळा वरखाली होत राहते.

२. लहानशा खड्ड्यातही चाकाच्या बाजूने खट्-खट् असा आवाज येतो.

३. ब्रेक लावताच गाडीचे नाक नेहमीपेक्षा जास्त खाली झुकते, किंवा घाटातील वळणावर गाडी फार कलते.

४. सपाट जागी उभी असताना गाडीचा एखादा कोपरा खाली बसलेला दिसतो.

५. टायर एकसारखा न झिजता जागोजागी झिजतो. हात फिरवल्यास उंचसखलपणा जाणवतो.

६. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर तेलाचा ओघळ किंवा तेलात कालवलेली धूळ दिसते.

घरी एक साधी परीक्षा करता येते. गाडी सपाट जागी हँडब्रेक लावून उभी करावी. एका कोपऱ्यावर जोराने दाब देऊन हात काढावा. गाडी वर येऊन लगेच थांबली तर ठीक, डुलत राहिली तर शॉक ॲब्सॉर्बर तपासून घ्यावेत. हे काम घरातील तरुणाने करावे, पाठीचे दुखणे असलेल्याने करू नये. या परीक्षेत गाडी उत्तीर्ण झाली, तरी वरील लक्षणे दिसत असतील तर मेकॅनिककडून गाडी उचलून बुश आणि सांधे पाहून घ्यावेत. शॉक ॲब्सॉर्बर बदलायचे झाल्यास पुढच्या दोन चाकांचे किंवा मागच्या दोन चाकांचे जोडीनेच बदलतात. एक नवा आणि एक जुना असल्यास गाडीचा तोल बिघडतो. पुढचे भाग बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट तपासणेही आवश्यक. शिवाय झिजलेल्या सस्पेन्शनमुळे टायरची रस्त्यावरील पकड सुटते आणि खडबडीत रस्त्यावर गाडी थांबायला अधिक अंतर लागते. प्रश्न केवळ पाठीचा नाही, सर्वांच्या जिवाचा आहे.

ही झीज हळूहळू होते, म्हणून रोज गाडी चालवणाऱ्याच्या ती अंगवळणी पडते. मागच्या आसनावर, मागील चाकांच्या जवळ बसलेल्या आजीला ती आधी जाणवते. ‘अरे, हल्ली गाडी फार आदळते’ हे तिचे वाक्य कुरकुर समजून सोडून देऊ नये. त्याच आठवड्यात गाडी दाखवावी.

प्रवासात ज्येष्ठांना शक्यतो पुढच्या आसनावर बसवावे. कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल ठेवावा आणि सीटबेल्टचा खालचा पट्टा पोटावर न घेता कटिबंधाच्या हाडांवर घ्यावा. गतिरोधक अगदी सावकाश ओलांडावेत. तासाभराने थांबून चार पावले चालवावे.

आदळा बसल्यावर पाठीत अचानक तीव्र कळ आली, उभे राहता ती वाढली आणि आडवे होता कमी झाली, तर मालीश करू नये. डॉक्टरांना दाखवून एक्स-रे काढावा. उंची कमी होत असेल किंवा पोक येत असेल, तर हाडांच्या घनतेच्या डेक्सा तपासणीविषयी विचारावे. पायांत बधिरता वा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा तिच्यावरील ताबा सुटला, तर मात्र थांबू नये. रुग्णाला आडवे ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तत्काळ रुग्णालय गाठावे.

रस्ता सुधारणे आपल्या एकट्याच्या हाती नाही, गाडी तपासून घेणे मात्र आहे. पुढील तपासणीची तारीख जवळ आली असेल, तर औषधांच्या चिठ्ठ्यांबरोबर गाडीचे शॉक ॲब्सॉर्बरही पाहून ठेवावेत.