बॅटरी गोठते ती थंडीने की उतरल्याने?

विद्यार्थी मित्रहो, आपल्या कोकणातील होड्यांना बर्फाचे भय नाही. पण अमेरिकेतील सुपीरिअर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचे बंदर आहे. तेथे हिवाळ्यात पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. म्हणून हौशी लोक आपल्या बोटी काही महिने पाण्याबाहेर काढून ठेवतात. बोटीतील शिसे-आम्ल बॅटरीचे मग काय करायचे? "उबदार खोलीत ठेवा," असे कोणीही सांगेल. माझ्या मते हे उत्तर अपुरे आहे. का, ते तुमच्या पाठ्यपुस्तकातील समीकरणच सांगते.

बॅटरी वीज देते तेव्हा गंधकाम्ल खर्च होते, पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते आणि पाणी तयार होते. म्हणजे बॅटरी जसजशी उतरते, तसतसे आतील आम्ल सौम्य होत जाते. पूर्ण भारित बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.२७ असते, ते उणे ६० अंशांच्या आसपास गोठते. उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ पर्यंत घसरते आणि आम्ल उणे १० अंशांच्या आसपासच गोठू लागते. गोठताना ते प्रसरण पावते. पट्ट्या वाकतात, पेटीला तडे जातात.

तेव्हा खरे संरक्षण उबेपेक्षा भारणात आहे. बॅटरी पूर्ण भारित करावी, तिच्या तारा सोडवाव्यात आणि मधूनमधून हायड्रोमीटरने तपासावी. तारा तशाच राहिल्या, तर बोटीतील लहानसहान उपकरणे तिला नकळत उतरवतात. भारित बॅटरीला थंडी उलट मानवते, कारण आपोआप उतरण्याची क्रिया थंडीत मंदावते. उबदार खोलीत विसरलेली बॅटरी गोठणार नाही हे खरे. पण ती लवकर उतरेल आणि पट्ट्यांवरील सल्फेट घट्ट होऊन निकामी होईल. लडाखमध्ये ट्रक नेणाऱ्या चालकालाही हेच ज्ञान उपयोगी पडते.

शिक्षकांना माझी विनंती आहे की, समीकरण फळ्यावर लिहून थांबू नये. "आम्ल गेले कोठे?" हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. प्रयोगासाठी आम्ल हाताळण्याचीही गरज नाही. तीन वाट्यांत साधे पाणी, थोड्या मिठाचे पाणी आणि भरपूर मिठाचे पाणी घ्या. त्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि दर अर्ध्या तासाने पाहा. कोणती वाटी आधी गोठली? उतरलेली बॅटरी यांपैकी कोणत्या वाटीसारखी? उत्तर कारणासह वहीत लिहा.