वैमानिकाच्या नकाराला संरक्षण हवे

बिघडलेले विमान उडवावयाचे की नाही, याचा अखेरचा निर्णय वैमानिकाचा, असे नियम सांगतो. परंतु तो निर्णय येण्यापूर्वीच कित्येक निर्णय हिशेबाच्या टेबलावर झालेले असतात.

३१ जानेवारी २००० रोजी अलास्का एअरलाइन्सचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. ८८ माणसे गेली. शेपटीचा आडवा पंख हलविणाऱ्या स्क्रूला पुरेसे वंगण न मिळाल्याने नटाचे आटे झिजले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. १९८७ साली दर ५०० उड्डाण-तासांनी वंगण दिले जाई. १९९६ मध्ये ही मुदत आठ महिने, म्हणजे सुमारे २,५५० तास झाली. सरकारी नियामकाने त्यास संमती दिली होती. १९९७ मध्ये एका पाळीतील मेकॅनिकने नट बदलावा अशी नोंद केली. नंतरच्या पाळीत फेरमोजणी होऊन विमान सोडण्यात आले.

पंख अडकल्यावर कॅप्टन लॉस एंजेलिसला उतरू पाहत होता, तेव्हाही कंपनीच्या नियंत्रकाने तास-दीड तासाच्या खोळंब्याची आठवण दिली. कॅप्टनने ती जुमानली नाही. पण झिजलेल्या आट्यांनी त्याला अवधी दिला नाही.

वैमानिक काय किंवा मेकॅनिक काय, दोघेही वेतनावर जगणारे कामगार होत. बिघाड नोंदविणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहील, ही हमी व्यवस्थापन आपखुशीने देणार नाही. ती संघटनेने मिळवावी लागेल, आणि प्रवाशांनी तिच्या पाठीशी उभे राहिले पाहिजे. विलंबाबद्दल वैमानिकावर चिडणाऱ्या प्रवाशाने एवढे ध्यानी घ्यावे की, तो नकार त्याच्याच जिवासाठी असतो.